त्यांच्या लिपीतला पत्ता

दोन्ही पाकिटं एकाच दिवशी परत आली. पोस्टमनने ती माझ्याकडे न देता पडवीत बसलेल्या आबांच्या हातात दिली. आबा म्हणजे माझे सासरे. बत्तीस वर्षं त्यांनी रत्नागिरीजवळच्या काळबादेवी आणि आसपासच्या वाड्यांमध्ये पत्रं वाटली होती, त्यामुळे आमच्या दारात येणारा कुठलाही पोस्टमन आधी त्यांच्यासमोर थांबायचा.

आबांनी चष्मा लावला आणि पाकिटं उलटसुलट करून पाहिली. माझ्याच अक्षरातला इंग्रजी पत्ता, त्यावर आडवा शिक्का आणि शिक्क्याखाली पेनाने लिहिलेली एक ओळ. ती आम्हा दोघांनाही वाचता येईना. नुसत्या काड्या आणि मधे मधे पूज्यं.

"त्यांना मिळाली नाहीत?" मी विचारलं.

"मिळाली असती तर परत कशी आली असती?" आबा म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "बस गो जरा. पाणी पी."

मी बसले नाही. आतल्या कॅलेंडरवर एकोणतीस जुलैला मी लाल गोल केला होता. त्या दिवशी माझ्या नवऱ्याचा निकाल लागणार होता. एप्रिल संपत आला होता, आणि दीड महिना मी ज्या दोन पत्रांवर जीव टांगून बसले होते ती रत्नागिरीच्या पिशवीतून परत आली होती.

हे दोन हजार दोन सालातलं. श्रीधर तेव्हा मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर होते. फेब्रुवारीत दक्षिण कोरियाच्या किनाऱ्याजवळ, पहाटे तीनच्या सुमाराला, त्यांची पाळी चालू असताना जहाजाने मासेमारीच्या एका लहान होडीला धडक दिली. होडीत एकच माणूस होता. तो बुडाला. जहाज दहा दिवसांनी पुढच्या बंदराला गेलं आणि श्रीधर कोरियातच कोठडीत राहिले.

पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी सकाळी, त्यांना पाच मिनिटं फोन करू द्यायचे. पहिल्याच फोनवर ते म्हणाले, "होडीला दिवाच नव्हता, कुंदा. काळोखात दिसणार काय?" हेच त्यांनी पोलिसांना लिहून दिलं होतं. माझ्या मनात कसलीच शंका आली नाही. बारा वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

तिथल्या कोर्टाने नेमून दिलेल्या वकिलाने, श्रीधरना जहाजावर पाठवणाऱ्या मुंबईच्या एजंटाला एक फॅक्स पाठवला होता आणि एजंटाने त्याची झेरॉक्स आम्हाला. वकिलाने लिहिलं होतं की शिक्षा पाच वर्षांपर्यंत होऊ शकते, पण बुडालेल्या माणसाच्या बायकोने दया दाखवावी असं लिहून दिलं तर कोर्ट ते मनावर घेतं. खाली तिचं नाव, ओ सुनजा, आणि तिच्या गावाचा पत्ता होता, त्यांच्या लिपीत. एजंटाच्या कारकुनाने शेजारी अंदाजाने इंग्रजी उच्चार लिहून दिले होते. ते बघून मी ही दोन पत्रं पाठवली होती.

"चूक आपलीच," आबा संध्याकाळी म्हणाले. फॅक्सची झेरॉक्स त्यांनी गुडघ्यावर पसरली होती. "पत्र सगळ्यात शेवटी कुणाच्या हातात येतं? पोस्टमनच्या. तिथला पोस्टमन माझ्यासारखाच खेडवळ असणार. त्याला हे इंग्रजी काय कळणार? देशाचं नाव इंग्रजीत पाहिजे, ते आपल्या लोकांसाठी. बाकी पत्ता त्याच्या अक्षरात."

"मग हे बघून हाताने काढते मी."

"काढून बघ."

मी काढला. चार वेळा काढला. प्रत्येक वेळी वेगळाच दिसायचा. कुठली काडी आधी, कुठली नंतर, पूज्य किती मोठं, काही कळेना. आबांनी मान हलवली. "मला कुणी असलं मराठी लिहून दिलं असतं तर मीही परतच पाठवलं असतं."

दुसऱ्या दिवशी मी शिरगावला नुसरत होडेकरकडे गेले. नुसरत आपल्या घराच्या पुढच्या खोलीत लग्नपत्रिका आणि हँडबिलं तयार करून द्यायची. तिच्याकडे कम्प्युटर होता, स्कॅनर होता. तिचा भाऊही जहाजावरच असायचा, म्हणून मला तिला फार काही समजावून सांगावं लागलं नाही.

"कुंदाताई, ही लिपी माझ्याकडे नाही," ती म्हणाली. तिने सायबर कॅफेत जाऊन कुठून तरी त्या लिपीतला मजकूर उतरवून आणूनही पाहिला. तिच्या पडद्यावर त्याचे चौकोन दिसायचे. ओळीने रिकामे चौकोन, जणू सगळा गाव पुसून टाकला होता. मुंबईला एक जण अशा लिपीचं काम करतो असं कळलं, पण तो म्हणाला, महिनाभर थांबा.

"महिनाभर नाही थांबता येणार," मी म्हटलं आणि तिच्यासमोरच मला रडू फुटलं.

नुसरतने मला रडू दिलं. मग झेरॉक्स उचलून उजेडात धरली. "अक्षर म्हणून कशाला पाहिजे आपल्याला? चित्र म्हणून घेऊ. गणपतीचं चित्र छापतो तसं. कम्प्युटरला वाचता आलं नाही तरी चालेल, त्या पोस्टमनला वाचता आलं म्हणजे झालं."

तिने पत्ता स्कॅन केला. फॅक्स, त्याची झेरॉक्स आणि आता हे. सगळीकडे काळे ठिपके आणि आडव्या रेघा आल्या होत्या. पडद्यावर मोठं करून एकेक ठिपका खोडायला आम्हाला तीन दुपारी लागल्या. पण एका अक्षराशी आम्ही अडलो. उभ्या रेघेला उजवीकडे एक बारीकशी काडी चिकटलेली होती. ती अक्षराची होती की फॅक्सची घाण, ते काही केल्या ठरेना.

"ठेवू की खोडू?" नुसरतने विचारलं.

"दोन्ही कर," मी म्हटलं. "एक काडीचं आणि एक बिनकाडीचं."

छपाई घरीच करायची ठरली, कारण तिच्या मशीनवर त्या वेळी लग्नाचं काम होतं. श्रीधरनी आदल्या सुट्टीत आमच्या केतकीसाठी कम्प्युटर आणला होता आणि त्याच्यासोबत एक लहानसा शाईचा प्रिंटर. सहा महिने तो कापडाखाली झाकून होता. मी फ्लॉपी घालून पहिला कागद सोडला तर कोराच बाहेर आला. नवं कार्ट्रिज रत्नागिरीत मिळेना. नुसरतने फोनवर सांगितलं तसं मी जुन्याचं तोंड बशीतल्या कोमट पाण्यात बुडवून ठेवलं आणि इंजेक्शनच्या सिरिंजने वरच्या भोकातून शाई भरली. माझी बोटं चार दिवस काळी होती. मागे गोंद असलेले लेबलांचे तयार कागद प्रिंटरात अडकायचे म्हणून साधा कागदच घेतला. एका कागदावर सोळा पत्ते बसायचे. कात्रीने कापायचे आणि मैद्याच्या खळीने पाकिटावर चिकटवायचे.

आबांनी पहिलं लेबल हातात घेतलं, अंगठा जिभेला लावला आणि त्यावर फिरवला. पत्त्याचा काळा फराटा झाला.

"अहो आबा!"

"पोस्टमनच्या हाताला घाम असतो गो," ते म्हणाले. "मेणबत्ती आण."

त्यांनी मेणबत्तीचा तुकडा दुसऱ्या लेबलावर हलक्या हाताने घासला, पुन्हा ओला अंगठा फिरवला. अक्षर हललं नाही. आयुष्यभर पावसात पत्रं वाटलेल्या माणसाची ही विद्या होती. त्या दिवशी आम्ही तिघं, मी, आबा आणि सात वर्षांची केतकी, पडवीत बसून लेबलं मेणाने घासत होतो. केतकीने विचारलं, "हे लावलं की बाबा सुटणार?" आबा म्हणाले, "सुटणार."

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दोन रजिस्टर पत्रं गेली. एकावर काडीचं लेबल, दुसऱ्यावर बिनकाडीचं. दोन्हींना आबांनी परदेशी पोचपावतीचं गुलाबी कार्ड लावायला लावलं.

जूनच्या तीन तारखेला एक कार्ड परत आलं. त्यावर सही होती, काड्यांची आणि पूज्यांची. मी ती फॅक्सवरच्या नावाशी लावून पाहिली. तीच तीन अक्षरं. पत्र ओ सुनजाच्या हातात पडलं होतं. कार्डावरचा नंबर काडीच्या पाकिटाचा होता, म्हणजे काडीचं लेबल बरोबर होतं.

आबांनी देवापुढे साखर ठेवली. मी त्याच दिवशी काडीच्या पत्त्यांचा आख्खा कागद छापला.

मग मी रोज एक पत्र लिहायला लागले. साध्या इंग्रजीत, शाळेतल्या मुलीसारखं. कुणीतरी तिला वाचून दाखवेल अशी आशा होती. तुमचं दुःख मी समजू शकते. मलाही एक मुलगी आहे. माझा नवरा सज्जन माणूस आहे. त्याचा दोष नाही. तुमच्या नवऱ्याच्या होडीला दिवा नव्हता, म्हणून त्याला ती दिसली नाही. कृपा करून कोर्टाला लिहा. मजकूर थोडा थोडा बदलायचा, पण दिव्याचं वाक्य मी कुठल्याच पत्रातून गाळलं नाही, कारण माझ्या मते सगळं त्याच वाक्यावर उभं होतं. बारा दिवसांत बारा पत्रं गेली. पोस्टात माझं पाकीट बघून कारकून आता तिकिटं तयारच ठेवायचा.

उत्तर आलं नाही.

जूनच्या तिसऱ्या रविवारी फोन वाजला. बारा-पंधरा दिवस साठवून ठेवलेलं मी एका दमात बोलून टाकलं. "अहो, तिला पत्रं पोचली! पोचपावती आली. आम्ही त्यांच्या लिपीत पत्ता छापला. घरीच. रोज एक पाठवतेय."

मला वाटलं लाईन गेली.

"अहो?"

"काय लिहिलंस त्यात?"

"काय म्हणजे? तुम्ही सांगितलं तेच. तुमचा दोष नाही. होडीला दिवा नव्हता."

"प्रत्येक पत्रात?"

"हो."

मग मला त्यांचा श्वास ऐकू आला. इतका जोरात, की ते अगदी शेजारी बसले आहेत असं वाटलं.

"दिवा होता, कुंदा."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"दिवा होता. धडकेनंतर पाहिला मी तो. पाण्यावर तरंगत होता, तेव्हाही पेटलेला होता. माझा डोळा लागला होता गं. उभ्या उभ्या. सलग तिसरी दुहेरी पाळी होती… किती वेळ ते मलाच माहीत नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, की दिवा नव्हता. आता ते कागदावर आहे. तू कुणाला…"

वेळ संपली. फोन तुटला.

आबा दारात उभे होते. मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते खाली बसले.

"मी त्या बाईला तेरा वेळा सांगितलं," मी म्हटलं. "तिच्या मेलेल्या माणसाचीच चूक म्हणून. तिच्या घरात नेऊन दिलं, आबा. रोज."

"तुला माहीत नव्हतं."

"आता माहीत आहे. ती पत्रं परत मागवता येतील?"

"वाटेत असलेलं मागवता येतं. पोचलेलं नाही."

"मग खरं काय ते लिहिते तिला."

आबा ताडकन उठले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. "डोकं फिरलंय तुझं? ती ते पत्र कोर्टात देईल. स्वतःच्या बायकोने लिहून दिल्यावर सुटका आहे काय त्याची? पाच वर्षं, कुंदा! मी असेन तोवर?"

"आणि तिचा नवरा?"

"तो मेलाय. माझा मुलगा जिवंत आहे."

आबांनी टेबलावरचा लेबलांचा उरलेला कागद उचलला, फ्लॉपी काढली आणि दोन्ही घेऊन आपल्या खोलीत गेले. पेटीला कुलूप घातल्याचा आवाज मी ऐकला.

दोन दिवस मी काही केलं नाही. जेवण करायची, केतकीला शाळेत सोडायची, परत यायची. श्रीधरना पाच वर्षं झाली तर केतकी बारा वर्षांची होईल, हे मी शंभरदा मोजलं. ती बाई काही मला ओळखत नाही, मी तिला ओळखत नाही, गप्प बसले तर जगात कुणालाच कळणार नाही, हेही मी स्वतःला सांगून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी केतकीला सोडून मी घरी न येता शिरगावच्या पोस्टात गेले. तिथल्या बाकावर बसून पत्र लिहिलं. सहा ओळींचं. दिवा होता. माझा नवरा झोपला होता. त्याने मला सांगितलं. आधी मी लिहिलं ते खोटं होतं, मला ठाऊक नव्हतं. तुमच्या माणसाची काही चूक नव्हती. मला क्षमा करा. कोर्टाला दया दाखवायला लिहा, हे मी त्यात लिहू शकले नाही.

जवळ लेबल नव्हतं. मी पेन घेतलं आणि पाकिटावर पत्ता काढायला सुरुवात केली. गेले दोन महिने मी त्या पत्त्याचा एकेक ठिपका साफ केला होता, कापला होता, चिकटवला होता. हात अडला नाही. ती बारीक काडीसुद्धा आपल्या जागी गेली.

घरी येऊन मी आबांना सांगितलं, "टाकलं."

ते त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचे बंद झाले. ताट पुढे ठेवलं की जेवायचे. काही हवं असलं तर केतकीला सांगायचे. त्यानंतर फोनचे तीन रविवार गेले, फोन आला नाही. श्रीधर रागावले आहेत, की आजारी आहेत, की आणखी काही, कळायला मार्ग नव्हता. एकोणतीस जुलैला मी सकाळपासून फोनशेजारी बसून राहिले. एजंटाचा फोन दुपारी चारला आला.

ओ सुनजा स्वतः कोर्टात आली होती. तिने माझं शेवटचं पत्र न्यायाधीशाच्या हातात दिलं. न्यायाधीशाने ते श्रीधरना वाचून दाखवलं आणि खरं का म्हणून विचारलं. श्रीधर हो म्हणाले. मग न्यायाधीशाने तिला विचारलं, तुम्हाला काय हवं? तिने आणलेला दुसरा कागद दिला. त्यात तिने शिक्षा कमी करावी असं लिहिलं होतं.

एक वर्ष, कोठडीतले दिवस धरून. समुद्रावरचा परवाना कायमचा रद्द.

मी रिसीव्हर ठेवला आणि केतकीला जवळ घेतलं. आबा खोलीच्या दारातून ऐकत होते. ते वळून आत गेले.

ऑगस्टमध्ये तिचं पत्र आलं. त्या गावच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी ते लिहून दिलं होतं. त्यात असं होतं:

"तुमची सगळी पत्रं मला पोचली. पहिलं वाचून घेतलं, नंतरची उघडली नाहीत. शेवटच्यावरचा पत्ता हाताने लिहिलेला होता, म्हणून उघडलं. पाच महिने बंदरावर सगळे माझ्या नवऱ्याबद्दल म्हणत होते, कांगने दिवा लावला नाही, स्वतःच्या चुकीने गेला. माझा मुलगा बंदरावर जायचा बंद झाला होता. माझा नवरा निघण्याआधी दोनदा दिवा तपासायचा. तुमचं पत्र आमच्या भाषेत करून घेऊन मी मुलाला मोठ्याने वाचायला लावलं. मग बंदरावर जाऊन सगळ्यांसमोर वाचायला लावलं. तुमच्या नवऱ्याला मी माफ केलं असं नाही. पण तुमच्या मुलीचा बाप फार दिवस लांब राहू नये. यापुढे पत्र पाठवू नका."

मी ते वाचलं आणि पडवीत आबांच्या शेजारी ठेवून आत निघून गेले. त्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागायचा. तास-दीड तासाने त्यांनी मला हाक मारली. पत्र घडी करून त्यांनी मांडीवर ठेवलं होतं.

"पोचलं म्हणायचं," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "चहा टाक गो. तुलाही घे."

पुढच्या मार्चमध्ये श्रीधर घरी आले. केस पांढरे झाले होते. कोर्टातल्या त्या दिवसाबद्दल त्यांनी मला काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. खाडीपलीकडे बोटी दुरुस्त करण्याच्या कारखान्यात त्यांना हिशेबनिसाचं काम मिळालं. रात्रीचे ते जागेच असायचे, हे मला माहीत होतं, पण त्याबद्दलही आम्ही बोललो नाही. आबा गेले ते त्यानंतर चार वर्षांनी, झोपेत.

केतकी दहावीत होती तेव्हाची गोष्ट. रविवार होता, दुपारी आम्ही तिघं घरात होतो. शाळेतल्या कुणाकडून तरी ती काही ऐकून आली असावी. तिने सरळ विचारलं, "बाबा, तुम्ही तुरुंगात का होता?"

मी कोशिंबिरीची काकडी चिरत होते. माझा हात विळीवर थांबला. लहानपणी तिला आम्ही जे सांगितलं होतं, की जहाजाला अपघात झाला, तेच मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. श्रीधरनी हाताने मला थांबवलं.

"मी कामावर झोपलो," ते तिला म्हणाले. "त्यात एक माणूस मेला. आणि मी आधी त्याच्यावरच ढकललं."

केतकीने विचारलं, "कोण होता तो?"

श्रीधरनी त्याचं पूर्ण नाव सांगितलं. वय सांगितलं, एक्केचाळीस. गाव सांगितलं, मुलाचं नाव सांगितलं, बायकोचं सांगितलं. यातलं बरंचसं मलाही माहीत नव्हतं. कोर्टात वाचून दाखवलेलं त्यांनी सगळं पाठ करून ठेवलं होतं. सांगून झाल्यावर ते बसून राहिले, निकाल ऐकायला बसावं तसे.

केतकीने उठून तीन पाट मांडले आणि ती म्हणाली, "बाबा, चला, जेवायला बसा."